मोठं मत्स्यालय आणि काचेमागची बाजू: सोलापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

दिवाळीची किंवा मेची सुट्टी जवळ आली की ओळखीपाळखीचे लोक विचारायला लागतात: मुलांना मोठं मत्स्यालय दाखवायचंय, कुठे जाऊ, आत काय बघू, मागची बाजू बघू देतात का? मी शाळेत विज्ञान शिकवते आणि घरी मासे पाळते, त्यामुळे हे प्रश्न फिरून माझ्याकडेच येतात. वारंवार येणारे प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

एक गोष्ट सगळ्यांना आधीच सांगते. मासे तर बघाच, पण पाणी बघा. मत्स्यालयातले लोक दिवसभर जे सांभाळतात ते मुख्यतः पाणी असतं. पाण्याचा हिशोब घरोघरी ठेवणाऱ्या आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला हे फार पटकन समजेल.

सोलापूरहून जायचं तर नेमकं कुठे जावं?

देशातल्या देशात, सहकुटुंब आणि खरोखर मोठं काही बघायचं असेल तर माझं उत्तर अहमदाबाद. तिथल्या सायन्स सिटीत जुलै २०२१ मध्ये ॲक्वाटिक गॅलरी सुरू झाली. ६८ टाक्या आहेत आणि शार्कच्या मुख्य टाकीतून जाणारा २८ मीटर लांबीचा बोगदा आहे. एकाच आवारात विज्ञानाची इतर दालनंही असल्यामुळे दिवस भरगच्च जातो. आपल्याकडून जाताना मुंबईमार्गे जाणं सोपं. सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री निघालात की सकाळी मुंबई, तिथून अहमदाबादला गाड्या भरपूर. लहान मुलं असतील तर मुंबईत एक मुक्काम करा. सलग प्रवास करून पोचलेलं मूल बोगद्यात खांद्यावर झोपून जातं.

दुसरं ठिकाण रत्नागिरी. ते आकाराने लहान आहे, पण मला फार आवडतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र तिथे आहे आणि त्याचं मत्स्यालय आणि संग्रहालय लोकांना बघता येतं. देवमाशाचा अख्खा सांगाडा तिथे ठेवलेला आहे. चकचकीत बोगदा मिळणार नाही, मात्र आपल्याच किनाऱ्यावरचे जीव बघायला मिळतात आणि समजावून सांगणारे लोक या विषयात मुरलेले असतात. रत्नागिरी–नागपूर महामार्ग सोलापूरवरूनच जातो, त्यामुळे स्वतःच्या गाडीने मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर असं सरळ जाता येतं. आंबा घाटात पावसाळ्यात जपून.

दुबईला नातेवाईक असणारी बरीच घरं सोलापुरात आहेत. त्यांनी तिथल्या दुबई मॉलमधली टाकी चुकवू नये. २००८ मध्ये सुरू झालेल्या त्या एका टाकीत सुमारे १ कोटी लिटर पाणी आहे.

मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय?

सध्या नाही. मरीन ड्राइव्हवरचं हे मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं. सोलापूरच्या किती पिढ्यांनी पहिला जिवंत समुद्री मासा तिथेच पाहिला असेल! इमारत धोकादायक ठरल्यामुळे ते बंद आहे. ते नव्याने उभं राहावं असं मला मनापासून वाटतं. पण आज त्याच्या भरवशावर मुंबईचं तिकीट काढू नका.

मैदानावर भरतात त्या ‘अंडरवॉटर टनेल’ प्रदर्शनात आणि यात काय फरक?

काळाचा. फिरतं प्रदर्शन काही आठवडे टिकतं. टाकीतलं पाणी ‘पिकायला’ म्हणजे जिवाणूंची वस्ती नीट बसायलाच तेवढे आठवडे लागतात. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया टाकतात, तो त्यांच्यासाठी विष असतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट बऱ्याच प्रमाणापर्यंत मासे सहन करू शकतात. ही साखळी बसण्याआधी टाकी माशांनी भरली तर मासे आजारी पडतात, मरतात. कायमस्वरूपी मत्स्यालयात ही साखळी वर्षानुवर्षं जपलेली असते. प्रदर्शनाला जाऊ नका असं मी म्हणत नाही, पण आत शिरल्यावर मासे वर येऊन तोंड उघडमिट करताना दिसले तर समजा, पाण्यात काहीतरी बिनसलंय.

किती वेळ ठेवावा? कोणत्या वेळी जावं?

तीन तास हाताशी हवेत. उघडतानाच पोचा किंवा दुपार उतरल्यावर. शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा. आत गेल्या गेल्या खाणं घालण्याच्या वेळा विचारून घ्या आणि बाकीची फेरी त्याभोवती बसवा. एरवी दगडासारखा पडून राहिलेला हेकरू मासा खाण्याच्या वेळी काय चपळाईने उठतो ते बघण्यासारखं असतं. जाण्याआधी सुट्टीचा वार आणि तिकिटाचे दर संकेतस्थळावर तपासा. अशा अनेक संस्था सोमवारी बंद असतात.

काचेमागच्या सफरीत काय दाखवतात?

हा प्रश्न कुणी विचारला की मला बरं वाटतं. परदेशातल्या बहुतेक मोठ्या मत्स्यालयांत वेगळं तिकीट काढून ही सफर करता येते. दुबई आणि अमेरिकेतलं अटलांटा इथे ती नेहमीची गोष्ट आहे. आपल्याकडे ती तिकीटखिडकीवर मिळेलच असं नाही. शाळेच्या किंवा संस्थेच्या पत्राने आधी परवानगी मागावी लागते. ती मागाच.

पहिला धक्का टाकीच्या वर गेल्यावर बसतो. खालून निळाशार समुद्र दिसत होता, तो वरून पाहिला तर लोखंडी जाळीचे पूल, दोरखंड, जाळी, दिव्यांच्या रांगा आणि मधे हलणारं पाणी. खालचं सगळं नाट्य प्रकाशाने आणि कोनाने उभं केलेलं असतं. सपाट काचेतून मासा असतो त्यापेक्षा साधारण पाव अंतराने जवळ दिसतो, कारण प्रकाश पाण्यातून हवेत येताना वाकतो. पसरट पाकट मासा वरून बघितला की त्याची रुंदी नीट दिसते.

मग पंपरूम. आवाज इतका की मार्गदर्शकाला ओरडून बोलावं लागतं. वाळूचे फिल्टर म्हणजे माणसाहून उंच बंद टाक्या. पाणी त्यांतून दाबाने जातं आणि गाळ वाळूत अडकतो. शेजारी एक उभा नळकांडा असतो, त्याच्यापाशी जरूर थांबा. त्यात खालून बारीक हवा सोडलेली असते. बुडबुड्यांना चिकटून पाण्यातली घाण वर येते आणि नळकांड्याच्या तोंडाशी चहाच्या रंगाचा दाट फेस जमतो. तो फेस थेंबाथेंबाने बाजूच्या भांड्यात पडत असतो. काचेपलीकडचं पाणी इतकं नितळ का दिसतं, याचं अर्धं उत्तर त्या भांड्यात आहे. उरलेलं काम जिवाणूंचे फिल्टर, ओझोन आणि अतिनील दिवे करतात. वीज गेली तर? जनरेटर तयारच असतो, कारण पंप थांबले की पाण्यातला प्राणवायू कमी व्हायला लागतो.

क्वारंटाइनची खोली शांत असते. नवीन आलेला मासा थेट मोठ्या टाकीत कधीच सोडत नाहीत. साधारण महिनाभर, कधी त्याहून जास्त दिवस, तो वेगळा ठेवून परजीवी आणि रोग तपासतात. त्या टाक्यांना सजावट नसते. एखादा पाइपचा तुकडा लपायला, बस्स. आजारी माशाला तांब्याचं औषध देतात, पण कोळंबी, प्रवाळ आणि असे बिनकण्याचे जीव त्या औषधाने मरतात, म्हणून ते औषध मुख्य टाकीत सहसा घालता येत नाही. प्रत्येक खोलीची जाळी आणि बादली वेगळी का, हे इथे समजतं.

आणि स्वयंपाकघर. स्टीलचे ओटे, वजनकाटे, सुऱ्या, भिंतीवर टाकीवार तक्ता: कोणाला किती ग्रॅम, कोणत्या वारी. एका मत्स्यालयात मी एका ताईंना बांगडे भरताना पाहिलं. बर्फातून काढलेला बांगडा हातात धरायचा, अंगठ्याने कल्ला उचलायचा, जीवनसत्त्वाची गोळी आत सारायची, कल्ला दाबून बाजूच्या ट्रेमध्ये ठेवायचा. कारण विचारल्यावर त्या म्हणाल्या, गोठवलेल्या माशातलं बी-वन कमी होतं, ते वरून द्यावं लागतं. हात एकदाही थांबले नाहीत. माझ्या विद्यार्थ्यांना मी ही गोष्ट दरवर्षी सांगते.

जमलं तर प्रयोगशाळाही दाखवा म्हणून सांगा. रोज पाणी तपासून आकडे लिहिलेले असतात: तापमान, क्षार, अमोनिया, पीएच. ती वही चाळायला मिळाली तर सोडू नका.

आम्ही शाकाहारी आहोत. वास येतो का? किळसवाणं काही बघावं लागतं का?

लोकांसाठीच्या दालनांत वास येत नाही. पाणी निरोगी असेल तर वास यायलाच नको. मागच्या बाजूला ओलसर, खारट वास असतो आणि स्वयंपाकघरात ताज्या मासळीचा वास येतोच. तिथे मासे कापताना दिसतील. नको वाटलं तर मार्गदर्शकाला आधी सांगा, तेवढा भाग वगळतात. पंपरूम आणि टाकीच्या वरची बाजू कोणालाही चालण्यासारखी आहे. आमच्यासोबत आलेल्या एका जैन कुटुंबातल्या आजी क्वारंटाइनच्या खोलीत सगळ्यांत जास्त वेळ रमल्या, माशांचा दवाखाना म्हणून.

अहमदाबादला समुद्र नाही. मग खारं पाणी कुठून येतं?

किनाऱ्यावरची मत्स्यालयं समुद्रातून पाणी ओढून, गाळून वापरतात. किनाऱ्यापासून दूर असलेल्या मत्स्यालयाला ते एकतर वाहून आणावं लागतं किंवा तयार करावं लागतं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे १ लाख लिटरची टाकी भरायची तर साडेतीन टन क्षार. नुसतं स्वयंपाकाचं मीठ पुरत नाही. मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट हेही ठरावीक प्रमाणात लागतात. एवढ्या कष्टाने केलेलं पाणी कोणी ओतून देत नाही. तेच पाणी पुन्हा पुन्हा गाळून वापरतात आणि त्यातला थोडाच भाग ठरावीक दिवसांनी बदलतात.

अजून एक गंमत मुलांना विचारा: टाकीतलं पाणी वाफ होऊन कमी झालं, तर वरून खारं पाणी घालायचं की गोडं? उत्तर गोडं. वाफ होताना मीठ मागेच राहतं. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात घरातली समुद्री टाकी सांभाळणाऱ्याला हे रोजच करावं लागतं.

मोठ्या टाकीत किती पाणी असतं, आपल्या भाषेत सांगा.

आपल्या भाषेत म्हणजे टीएमसीत. १ टीएमसी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर. अटलांटाच्या जॉर्जिया मत्स्यालयाची सर्वांत मोठी टाकी, ज्यात व्हेल शार्क ठेवतात, ती सुमारे २.४ कोटी लिटरची आहे. म्हणजे उजनी धरणातल्या एका टीएमसीत अशा हजाराहून जास्त टाक्या भरतील आणि उजनीची एकूण क्षमता ११७ टीएमसी. उजनीचा जलाशय, म्हणजे यशवंतसागर, काठोकाठ भरलेला पाहिलेल्या मुलाला हा हिशोब करायला लावा.

शार्क बाकीच्या माशांना खात कसा नाही?

कारण त्याचं पोट भरलेलं असतं. शार्क थंड रक्ताचे. त्यांतल्या बहुतेकांना रोज खाणं लागतं असं नाही. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी लांब काठीच्या टोकाला मासा लावून प्रत्येकाला वेगळं भरवतात आणि कोणी किती खाल्लं ते लिहून ठेवतात. काही जनावरांना ठरावीक रंगाची पाटी दिसली की आपली पाळी आली हे शिकवलेलं असतं. तरी कधीतरी एखादा मासा गायब होतोच. मत्स्यालयातले प्रामाणिक लोक हे लपवत नाहीत.

काच फुटली तर?

मोठ्या टाक्यांना काच नसते, ॲक्रिलिक असतं, थरावर थर जोडून केलेलं. जपानमधल्या ओकिनावाच्या चुराउमी मत्स्यालयात मुख्य टाकीचा ॲक्रिलिक पडदा ६० सेंटिमीटर जाड आहे. दुर्घटना अगदीच होत नाहीत असं मात्र नाही. बर्लिनमधल्या एका हॉटेलातली सुमारे १० लाख लिटरची उभी दंडगोल टाकी १६ डिसेंबर २०२२ ला पहाटे फुटली. पहाट असल्यामुळे माणसं वाचली, दोघांना किरकोळ दुखापत झाली. टाकीतल्या सुमारे १५०० माशांपैकी बहुतेक मेले. अशा घटना फार विरळ, त्यामुळे बोगद्यात जाताना घाबरू नका. ॲक्रिलिकला ओरखडे मात्र लगेच पडतात. अंगठी, बांगडी, किल्ल्या त्यावर घासू देऊ नका.

फोटो काढू का? मुलं काच वाजवतात, त्याने काय होतं?

फोटो काढा, फ्लॅश बंद करून. आपल्या ओळखीच्या बहुतेक माशांना पापण्या नसतात, डोळे मिटून घेण्याची सोय त्यांना नाही. ऑक्टोपस आणि रात्री हिंडणारे मासे तर अंधारातच ठेवलेले असतात. मोबाइल पडद्याला टेकवून धरलात तर मागचं प्रतिबिंब येत नाही आणि फ्लॅशशिवायही फोटो छान येतो.

काच वाजवणं मुलांना पहिल्या टाकीपाशीच थांबवा. आवाज पाण्यात हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने जातो, आणि माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंनी स्पंदनं टिपणारी रेघ असते. आपण टिचकी मारतो ती त्याला सगळ्या अंगाने जाणवते. मुलांना हे कारण सांगितलं की ती ऐकतात, नुसतं ‘हात लावू नको’ म्हटलं की ऐकत नाहीत.

लहान मुलांना आणि आजी-आजोबांना झेपेल का?

दालनं झेपतात, बसायला जागा असते. मागची बाजू सगळ्यांना झेपत नाही: ओल्या फरश्या, अरुंद जिने, ठेंगणे पाइप. पाच-सहा वर्षांखालच्या मुलांना तिथे नेऊ नका. पायात घट्ट, न घसरणारे बूट हवेत. व्हीलचेअर असेल तर आधी फोन करून लिफ्टची चौकशी करा. वाटेत खायला कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्या, ती प्रवासात टिकते. मत्स्यालयाच्या आत मात्र खाणं काढू नका.

शाळेची सहल न्यायची आहे. काय तयारी करू?

महिनाभर आधी मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र पाठवा, विद्यार्थ्यांची संख्या आणि इयत्ता लिहा, आणि मागची बाजू बघायची विनंती त्यातच करा. सगळ्या मुलांना एकदम मागे सोडत नाहीत, म्हणून आधीच लहान गट पाडा.

मुलांना ‘किती प्रकारचे मासे पाहिले’ अशी यादी लिहायला सांगू नका. प्रत्येक गटाला एकच टाकी द्या आणि वीस मिनिटं तिथेच उभं करा. जेलीफिशची टाकी गोल का? कोपऱ्यात अडकून ते फाटतात म्हणून. क्लाउनफिशच्या टोळीत सर्वांत मोठी मादी असते, ती मेली की तिचा नर मादी होतो. समुद्रघोड्यात पिल्लं नराच्या पिशवीत वाढतात. ही उत्तरं मुलांनी मार्गदर्शकाकडून स्वतः काढून घेतली पाहिजेत. बसमध्ये आपण आधीच सांगून टाकू नयेत.

डॉल्फिनचे खेळ असतात का?

भारतात नाहीत. केंद्र सरकारने मे २०१३ मध्ये डॉल्फिनेरियमना परवानगी न देण्याचं धोरण जाहीर केलं. मला हा निर्णय अगदी योग्य वाटतो. डॉल्फिन बघायचे तर रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर होडीतून बघा, अंतर ठेवून.

मासे असे कोंडून ठेवणं बरोबर आहे का?

हा प्रश्न मोठ्यांपेक्षा मुलंच जास्त विचारतात आणि त्यांना खरं उत्तर द्यावं. सगळ्यांना एकच उत्तर लागू होत नाही. क्लाउनफिश आयुष्यभर एका समुद्रफुलाच्या आसपास राहतो, अंडी घालतो, टाकीत त्याची पैदासही होते. त्याच्या बाबतीत मला खंत वाटत नाही. शेकडो किलोमीटर पोहणाऱ्या जनावराचं वेगळं आहे. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे बे मत्स्यालयाने २००४ मध्ये एक लहान ग्रेट व्हाइट शार्क १९८ दिवस सांभाळला आणि मग समुद्रात सोडला. अटलांटात २००७ साली दोन व्हेल शार्क मेले. सर्वोत्तम पाणी, सर्वोत्तम डॉक्टर असूनही. व्हेल शार्क आपल्या गुजरातच्या किनाऱ्यावर येतो आणि २००१ पासून त्याला कायद्याने पूर्ण संरक्षण आहे. तो समुद्रातच राहिलेला बरा, असं माझं मत आहे. मागच्या सफरीत विचारा: हा मासा कुठून आणला, इथे जन्मला की पकडला? ज्या मत्स्यालयाकडे याचं सरळ उत्तर आहे, तिथे मी पुन्हा जाईन.

बघून आल्यावर मुलं मासे पाळायचे म्हणतात. पाळू का?

पाळा, पण टाकी आधी आणि मासे नंतर. पाणी भरून फिल्टर सुरू करा आणि चार ते सहा आठवडे साखळी बसू द्या. नळाचं पाणी थेट घालू नका, त्यातलं क्लोरिन जिवाणूंना मारतं. उन्हाळ्यात टाकी खिडकीपासून दूर ठेवा. वाळवलेले समुद्रघोडे किंवा प्रवाळाचे तुकडे कोणी विकत असेल तर घेऊ नका, दोन्ही वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत.

आणि कंटाळा आला म्हणून मासे सिद्धेश्वर तलावात, कंबर तलावात किंवा हिप्परग्याला सोडू नका. हे मी हात जोडून सांगते. टाकीतलं शेवाळ खातो म्हणून आणलेला सकर मासा मोठा झाला की लोक तलावात नेऊन सोडतात. तोच आता उजनीत मच्छीमारांच्या जाळ्यात येतो. अंगावर काटेरी कवच असल्याने जाळी फाडतो, बाजारात त्याला किंमत नाही आणि इथल्या माशांचं अन्न खातो. नको असलेला मासा दुकानदाराला परत द्या किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या.

सोलापुरात असं मत्स्यालय होईल का?

समुद्र नाही ही अडचण नव्हे, ते अहमदाबादने दाखवलंय. अडचण आहे ती चोवीस तास अखंड वीज, पाणी तपासणारी प्रशिक्षित माणसं आणि दरवर्षीचा खर्च यांची. उद्घाटनाला पैसे मिळतात, दहाव्या वर्षी पंप बदलायला मिळत नाहीत.

मला विचाराल तर सोलापूरने खाऱ्या पाण्याच्या मागे लागूच नये. भीमेचं मत्स्यालय करावं. मरळ, वाम, शिंगटा, कटला, रोहू, आणि बाहेरून येऊन इथलीच झालेली चिलापी. आपण यांना ताटात किंवा बाजारात टोपलीत बघतो. पाण्यात पोहताना कोणी पाहिलंय? मरळ मासा वर येऊन हवेत श्वास घेतो, पिल्लांच्या थव्याची राखण करतो. हे एका साध्या गोड्या पाण्याच्या टाकीत, एका शिक्षकाच्या आणि एका मच्छीमाराच्या मदतीने दाखवता येईल. आमच्या शाळेत जागा आहे. उजनी परिसरातल्या कोणा मच्छीमार सोसायटीला यात रस असेल तर मला जरूर कळवा.